चिंधीपासून रेग्युलेटरपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

क्रू, स्विंडन, डॉनकास्टर ही इंग्लंडमधली रेल्वेची गावं. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या एखाद्या गल्लीत पहाटे अडीचला एक पोरगा यायचा, दार ठोठवायचा आणि वरच्या खिडकीतून ओ आल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. हा लोको शेडचा कॉल बॉय. कल्याण, इगतपुरी, भुसावळच्या रेल्वे वसाहतींत वाढलेल्यांना हा शब्द नवा नाही. लिंक म्हणजे ठरलेल्या कामांचा गट, रनिंग रूम म्हणजे ड्रायव्हरांची विश्रांतीची जागा, साइन ऑन म्हणजे कामावरची हजेरी, हे शब्दही तिकडूनच आपल्याकडे आले. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीची इंजिनं लँकेशायरमधल्या व्हल्कन फाउंड्रीची होती. इंजिनांबरोबर कामाची रीतही आली. आज त्या मूळ घरातल्या, वाफेची इंजिनं चालवणाऱ्या ड्रायव्हरांबद्दल बोलायचं आहे. रेग्युलेटरला, म्हणजे सिलिंडरला वाफ सोडणाऱ्या दांडीला, हक्कानं हात लावण्याआधी हा माणूस काय काय शिकायचा, आणि त्यातलं किती स्वतःच्या वेळात, बिनपगारी शिकायचा, हे मला सांगायचं आहे.

सुरुवात व्हायची क्लीनर म्हणून. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा घ्यायचा, त्याचे डोळे तपासायचे, लाल-हिरवा फरक ओळखतो का हे पाहायचं आणि हातात रॉकेल-तेलात भिजवलेल्या चिंध्या द्यायच्या. बॉयलर पुसणं त्यातल्या त्यात बरं काम. नव्या पोराच्या वाट्याला चाकं, दांडे आणि चौकटीच्या आतली बाजू यायची. इंजिन चकचकीत दिसावं म्हणून ही पुसापूस होती असं आपल्याला वाटतं, पण दांड्याला किंवा चाकाच्या धावेला गेलेली तडा ग्रीस निघाल्यावरच दिसते. शिवाय पुसता पुसता कुठला भाग कशाला जोडलाय हे पोराच्या हाताला कळत जायचं.

नियमांची परीक्षा दिली की तो 'पास्ड क्लीनर' व्हायचा, म्हणजे गरज पडली तर फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा, म्हणून पाठवता येईल असा. अशा ३१३ पाळ्या भरल्या की पगारासाठी फायरमनकीचं एक वर्ष धरलं जाई. पुढे फायरमन, मग 'पास्ड फायरमन', मग ड्रायव्हर. ड्रायव्हर झाल्यावरही लिंकची उतरंड होतीच: आधी शेडमधलं आणि यार्डातलं शंटिंग, मग मालगाड्या, मग लोकल, आणि सगळ्यात वर टॉप लिंक, म्हणजे एक्स्प्रेस गाड्या. सगळं सेवाज्येष्ठतेवर. वरचा माणूस निवृत्त झाला, वारला किंवा डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला, तरच खालचा एक पायरी चढायचा. १९३०च्या मंदीत तर गाड्या कमी झाल्या आणि कित्येक फायरमनना पुन्हा चिंध्या हातात घ्याव्या लागल्या. ड्रायव्हर व्हायला वीस वर्षं लागली, असं तेव्हा अनेकांचं झालं. म्हणून एक्स्प्रेसवर पिकल्या केसांची माणसं दिसत. ३ जुलै १९३८ रोजी लिंकनशायरमधल्या स्टोक बँकच्या उतारावर 'मॅलर्ड' इंजिनानं ताशी १२६ मैलांचा वेग गाठला, तेव्हा ते चालवणारे जो डडिंग्टन ६१ वर्षांचे होते. भट्टीवर टॉमी ब्रे होते. त्यांचं नाव अनेकदा गाळलं जातं. तसं करू नये. तो वेग दोघांचा होता.

आता शिकण्याबद्दल. कंपन्या नियमांचं पुस्तक हातात देत. ते समजावून सांगण्याचं काम ड्रायव्हरांनीच अंगावर घेतलं होतं. शेडच्या कोपऱ्यातल्या एखाद्या जुन्या डब्यात रविवारी सकाळी 'म्युच्युअल इम्प्रूव्हमेंट क्लास' भरायचा. जुने ड्रायव्हर शिकवणार, फायरमन आणि क्लीनर ऐकणार, पगार कोणालाच नाही. व्हॉल्व्ह गिअरची, म्हणजे सिलिंडरला वाफ सोडणाऱ्या यंत्रणेची, लाकडी मॉडेल्स त्यांनी स्वतः बनवलेली असत. प्रश्न मोठे नेमके असत. वाटेत डावीकडचा मुख्य दांडा तुटला तर काय करशील? उत्तर असं: तुटलेला दांडा उतरवायचा, त्या बाजूचा व्हॉल्व्ह मधोमध आणून पक्का करायचा म्हणजे त्या सिलिंडरला वाफ जाणार नाही, क्रॉसहेड, म्हणजे पिस्टन आणि दांडा जोडणारा भाग, एका टोकाला आवळून बांधायचा, आणि दुसऱ्या बाजूच्या जोरावर हळूहळू लाइन मोकळी करायची. ड्रायव्हरकीच्या परीक्षेत इन्स्पेक्टर हेच तोंडी विचारायचा. एका संपूर्ण धंद्याचं शिक्षण कामगारांनी रविवारची झोप मोडून उभं केलं, ही गोष्ट मला कुठल्याही विक्रमापेक्षा मोठी वाटते.

शेडमध्ये इंजिन तयार करायला साधारण तासभर मिळायचा. फायरमन आधी पाणी बघायचा. बॉयलरच्या मागच्या बाजूला पाण्याच्या पातळीच्या काचा असतात. नुसती नजर टाकून भागत नाही. कॉक उघडून काच 'फुंकायची', पाणी झटकन परत वर आलं तरच ती खरं बोलते आहे. मग भट्टीत डोकावून वरच्या पत्र्यातले शिशाचे प्लग गळत नाहीत ना हे पाहायचं. पाणी या पत्र्याच्या खाली गेलं की शिसं वितळतं, वाफ भट्टीत शिरते आणि धोक्याची सूचना मिळते. पुढच्या स्मोकबॉक्सचं दार घट्ट हवं. तिथून हवा आत ओढली गेली तर भट्टीचा ओढा कमी होतो आणि वाफ धरत नाही. नवशिका मग दिवसभर कोळशाला दोष देत बसतो. वाळूच्या पेट्या भरलेल्या, दिवे, लाल झेंडे, रुळावर ठेवायचे फटाके, फावडं, लांब लोखंडी गज, हे सगळं मोजून घ्यायचं.

तेल घालणं मात्र ड्रायव्हरचं काम, आणि ते जवळून पाहण्यासारखं आहे. ज्या इंजिनांचे दांडे चौकटीच्या आत असतात, तिथे खड्ड्यावर इंजिन उभं करायचं तेच हिशेबानं, म्हणजे बिग एंडचं, दांड्याच्या चाकाकडच्या टोकाचं, तेलाचं भोक हाताला येईल अशा जागी. मग हँडब्रेक घट्ट, रिव्हर्सर, म्हणजे दिशा आणि वाफेचं प्रमाण ठरवणारी दांडी, मधोमध, सिलिंडरचे निचऱ्याचे कॉक उघडे, आणि इंजिनावर 'हलवू नका' अशी पाटी. एवढं केल्यावरच ड्रायव्हर खालून आत शिरायचा, एका हातात लांब चोचीची तेलाची झारी, दुसऱ्या हातात छोटा दिवा. तेलाच्या प्रत्येक वाटीवर बुचाचं बूच. ते काढायचं, आत तारेवर गुंडाळलेली लोकरीच्या धाग्याची वात बघायची. ही वात समईच्या वातीसारखीच काम करते, तेल शोषून थेंबाथेंबानं बेअरिंगवर सोडते. धागे जास्त झाले तर तेल जाणार नाही, कमी झाले तर चाळीस मैलांत वाटी रिकामी. एक बूच लावायचं राहिलं तर तेल उडून जातं, बेअरिंगचा पांढरा धातू वितळतो आणि गाडी मध्येच अडकते. मॅलर्डचाही मधला बिग एंड त्या धावेत तापला आणि इंजिन पीटरबरोला काढावं लागलं.

गाडी सुटली की फायरमनचं खरं काम सुरू. 'ब्लॅक फाइव्ह' म्हणून ओळखलं जाणारं इंजिन घेऊ. अशी ८४२ बांधली गेली. टेंडरमध्ये ९ टन कोळसा, ४००० गॅलन पाणी, भट्टीची जाळी सुमारे २८ चौरस फूट. मैलाला ४०-४५ पौंड कोळसा धरला तर दीडशे मैलांत जवळपास तीन टन, म्हणजे पाचशेहून जास्त फावडी, तीही डुलणाऱ्या पत्र्यावर उभं राहून. नियम एकच: थोडा थोडा, पण सतत. थर मागे आणि कोपऱ्यांत जाड, पुढे पातळ. एकदम ढीग टाकला तर आग थंड पडते आणि चिमणीतून काळा धूर येतो. तो धूर म्हणजे न जळलेला कोळसा, वाया गेलेली मेहनत. थराला भोक पडलं तर थंड हवा सरळ नळ्यांत घुसते आणि दाब उतरतो. चांगल्या फायरमनची चिमणी फिकट करडा धूर देते. पाणीही त्यालाच सांभाळायचं. जास्त भरलं तर वाफेबरोबर पाणी सिलिंडरमध्ये जातं, आणि पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरचं झाकण फुटू शकतं.

ड्रायव्हरकडे रेग्युलेटर, रिव्हर्सर आणि ब्रेक. सुटताना रिव्हर्सर पूर्ण पुढे, म्हणजे पिस्टनच्या धावेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग वाफ आत येत राहते. वेग धरला की तो २० टक्क्यांच्या आसपास मागे आणायचा, उरलेलं काम वाफ फुगून करते. हे न जमणारा ड्रायव्हर फायरमनची पाठ मोडायचा. आणि बोगद्यापूर्वी वाफ बंद करायची असेल तर आधी ब्लोअर, म्हणजे धुराड्यात वाफेचा फवारा सोडून ओढा टिकवणारा कॉक, उघडायचा. ओढा थांबला की ज्वाळा भट्टीच्या दारातून उलटी कॅबमध्ये येते. या उलट्या ज्वाळेनं माणसं भाजून मेली आहेत.

या सगळ्याइतकंच महत्त्वाचं होतं रस्त्याचं ज्ञान. धुक्यात, रात्री, पुढे दहा यार्ड दिसत नसताना ताशी साठ मैलांनी जायचं. कुठे चढ संपतो, कुठला सिग्नल कोणत्या बाजूला, पुलाखालून जाताना चाकांचा आवाज कसा बदलतो, हे सगळं पाठ. सह्या करून 'हा रस्ता मला येतो' असं लिहून द्यावं लागे, आणि सही नसेल तर जाणकार सोबती घ्यावा लागे. आपल्याकडे याला आजही 'लर्निंग रोड' म्हणतात.

नियम क्रमांक ५५ सुद्धा याच जातीचा. गाडी सिग्नलला अडकली तर फायरमन किंवा गार्डनं चालत सिग्नल केबिनमध्ये जायचं, गाडी उभी आहे याची आठवण द्यायची, नोंदवहीत सही करायची, आणि सिग्नलमननं लिव्हरवर आठवणीची कडी अडकवली आहे का हे स्वतः पाहायचं. स्कॉटलंडमधल्या क्विंटिन्सहिलला २२ मे १९१५ रोजी सही झाली, कडीची खात्री झाली नाही. गाड्या आदळून दोनशेहून जास्त माणसं गेली, त्यातली बहुतेक युद्धावर निघालेले सैनिक.

तासांची लढाई मोठी होती. १८८० साली ड्रायव्हर आणि फायरमननी आपली स्वतंत्र संघटना काढली, ती 'अ‍ॅस्लेफ' नावानं आजही आहे. आठ तासांचा दिवस मिळाला तो १ फेब्रुवारी १९१९ पासून. तोपर्यंत बारा, चौदा तास आगीसमोर काढणं नेहमीचं. सिग्नल बघायचे डोळे याच धगीनं आणि धुरानं थकायचे, आणि तेच डोळे तपासणीत नापास झाले की टॉप लिंकचा ड्रायव्हर शेडमध्ये किरकोळ कामाला लागायचा. तीस वर्षांच्या सेवेला हा न्याय नव्हता, असं मला मनापासून वाटतं.

आणि ड्रायव्हर जॉन ॲक्सन. ९ फेब्रुवारी १९५७, डर्बीशायर. बक्स्टनहून निघालेली ३३ वाघिणींची मालगाडी. चढावर ड्रायव्हरच्या ब्रेकला वाफ नेणारा नळ तुटला आणि उकळती वाफ कॅबमध्ये भरली. इंजिनाचा ब्रेक गेला, रेग्युलेटरपर्यंत पोचणं अवघड. वाघिणींना सलग ब्रेक नव्हते. प्रत्येकीला बाजूचा हातब्रेक, तो खाली पळत जाऊनच लावायचा. ॲक्सननी फायरमनला उडी मारून ते लावायला सांगितलं आणि स्वतः कॅबच्या बाहेर लटकून राहिले. डव्ह होल्सच्या केबिनसमोरून जाताना हात हलवून त्यांनी सिग्नलमनला गाडी ताब्याबाहेर गेल्याचं कळवलं. त्यापुढे ५८ला १ असा उतार. चॅपल-एन-ल-फ्रिथला पुढच्या मालगाडीवर आदळून त्यांचा आणि त्या गाडीच्या गार्डचा जीव गेला. शौर्यासाठीचा जॉर्ज क्रॉस हा सन्मान त्यांना मरणोत्तर मिळाला. उडी मारायला त्यांना कोणी अडवलं नव्हतं.

ब्रिटिश रेल्वेचं शेवटचं नवं वाफेचं इंजिन, 'इव्हनिंग स्टार', १९६० साली स्विंडनमध्ये बांधलं गेलं. ऑगस्ट १९६८ मध्ये लँकेशायरमधल्या कार्नफोर्थ, लॉस्टॉक हॉल आणि रोझ ग्रोव्ह या शेवटच्या तीन वाफेच्या शेड बंद झाल्या. ११ ऑगस्टला लिव्हरपूलहून कार्लाइलपर्यंत निरोपाची गाडी धावली आणि ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरच्या भट्ट्या विझल्या. आज ब्लूबेलसारख्या जतन केलेल्या मार्गांवर स्वयंसेवक हीच इंजिनं चालवतात. तिथे नाव नोंदवणाऱ्याला पहिल्या दिवशी मिळतात त्या चिंध्या आणि रॉकेल, आणि काम सुरू होतं चाकांपासून.