पेट्या बडोद्याच्या, शिबिर किसुमूकडचं

(माहितीपटाचं निवेदन. दृश्य : बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या एका घराची ओसरी. खोके, वजनकाटा.)

डोळ्यात बसवायची भिंगं हातातल्या बॅगेत. ब्लेड आणि कात्र्या मोठ्या पेटीत, कारण विमानात धारदार वस्तू जवळ ठेवू देत नाहीत. उरलेल्या जागेत लीलो चिवडा आणि मेतकूट. वजन जास्त भरलं की आधी मेतकूट बाहेर निघतं.

बडोद्याच्या मराठी मंडळींचा हा चमू मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी केनियाला निघालाय. दोन नेत्रतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृहातली एक सिस्टर, डोळे तपासणारी एक मुलगी आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका. काकांना वैद्यकीय काहीही येत नाही. त्यांचं काम पुढे दिसेलच.

पीतज्वराची लस किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते, नाहीतर परतताना आपल्याच देशात विलगीकरणात बसवतात. केनियाच्या वैद्यकीय परिषदेचा तात्पुरता परवाना मिळाल्याशिवाय परदेशी डॉक्टरला तिथे रुग्णाला हात लावता येत नाही. बरोबरच आहे. फुकट सेवा द्यायला आलो म्हणून कुणी कागद बघायचे सोडू नयेत.

मराठी घरात असा विषय निघाला की डॉ. कोटणीसांचं नाव येतंच. सोलापूरचे कोटणीस 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथेच राहिले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. "आम्ही आठवड्यात परत येणार, आमची त्यांच्याशी तुलना नको," असं आमचे डॉक्टर कॅमेरा सुरू व्हायच्या आधीच सांगून टाकतात.

(दृश्य : व्हिक्टोरिया सरोवर, किसुमू, केनिया.)

मोंबासाहून निघालेली रेल्वे 1901 मध्ये इथवर पोचली. रूळ टाकायला हिंदुस्थानातून मजूर आणले होते. दुकानदारही आले, त्यात गुजराती पुष्कळ. त्यामुळे चमूचं रात्रीचं जेवण एका गुजराती घरी. "तमे वडोदराना, ने घरमां मराठी?" यजमानीणबाईंना नवल वाटतं. बडोदेकरांना हा प्रश्न जन्मापासून पाठ आहे.

विषुववृत्त जवळ, म्हणून सूर्य वर्षभर साडेसहाच्या आसपासच उगवतो. त्याआधीच रुग्णालयाच्या अंगणात रांग लागलेली असते. म्हाताऱ्यांचा हात धरून नातवंडं आलेली. बऱ्याच आज्या फक्त लुओ भाषा बोलतात. डॉक्टरांचं इंग्रजी इथली नर्स लुओत सांगते आणि आजीचं लांबलचक उत्तर दोन शब्दांत परत आणते.

ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडणारं फेको मशीन इथे आणलेलं नाही. पूर्ण पिकलेला, कडक मोतीबिंदू साध्या हत्यारांनीही उत्तम निघतो. सहा-सात मिलिमीटरचा तिरका छेद, त्यातून गाभा अख्खा बाहेर, भिंग आत. बहुधा टाकाही लागत नाही. इंजेक्शनने फक्त डोळा बधिर करतात, रुग्ण जागाच असतो. हलू नये म्हणून नर्स हात धरून त्याच्याशी बोलत राहते.

रुग्णाच्या कपाळावर चिकटपट्टी : कोणता डोळा, कोणत्या नंबरचं भिंग. इथे काकांचं काम. यादी, कपाळ आणि भिंगाची डबी, तिन्ही मोठ्याने वाचायची. "उजवा, साडेएकवीस." सिस्टर तेच पुन्हा म्हणणार, मग डबी उघडणार. चेकवरची सही ताडून पाहावी तसं काका प्रत्येक कपाळ पाहतात.

आमच्या मते इथली खरी सत्ता सिस्टरकडे आहे. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, आलेल्या एका सेटच्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या नव्हत्या, म्हणजे तो निर्जंतुक झाल्याची खात्री नव्हती.

"सर, हा सेट परत जाणार."

"अहो, रुग्ण टेबलावर आहे."

"असू दे. जंतू आत गेले तर डोळाच जाईल."

डॉक्टर गप्प. सगळे थांबले. आम्हीही.

(दृश्य : सकाळ. वॉर्ड.)

पट्टी काढतानाचा शॉट घ्यायला सगळे कॅमेरे येतात. आम्हीही घेतलाय. पण त्या आजींनी आधी उजेड फार होतोय म्हणून तक्रार केली, डोळा पुसला आणि नातीचे शाळेचे बूट फाटलेत यावरून तिला झापलं.

शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची शस्त्रक्रिया चांगली झालीय, पण दिसत नाही. पिकलेल्या मोतीबिंदूमागे काचबिंदू लपला होता, डोळ्याची नस केव्हाच सुकलेली. भिंगाने ती परत येत नाही. डॉक्टर खाटेवर बसून नर्सकरवी हे समजावतात. पुन्हा समजावतात. या संभाषणाचा आवाज आम्ही ठेवलेला नाही.

पुढचे काही आठवडे थेंब घालायचे, हळूहळू कमी करायचे, मग चष्म्याचा नंबर. तेव्हा हा चमू बडोद्याच्या ओपीडीत असेल. हे सगळं इथला क्लिनिकल ऑफिसर, म्हणजे डॉक्टर नसलेला पण उपचारांचं प्रशिक्षण घेतलेला अधिकारी, पाहतो. केनियात अशा अधिकाऱ्यांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचंही प्रशिक्षण देतात आणि इथे वर्षभर तोच शस्त्रक्रिया करतो. आणखी डॉक्टर आणा, असं त्याने कधी म्हटलं नाही. सिस्टरने इथल्या नर्सला ऑटोक्लेव्हची शिस्त शिकवावी, एवढंच मागितलं. शेवटच्या दिवशी सुरी त्याच्या हातात होती आणि बडोद्याचे डॉक्टर मदतनीस.

निघताना काकांनी उरलेली भिंगं नंबरवार मांडली, रजिस्टरवर त्यांची आणि क्लिनिकल ऑफिसरची सही झाली. एकवीसची संपली होती, चोवीसची बरीच उरली होती. "पुढच्या वेळी एकवीसची जास्त आणा," ऑफिसर म्हणाला. काकांनी तिथेच वहीत लिहून घेतलं.