दोन घरांतून विस्तव जात नाही

(पडद्यावर: शेजारी-शेजारी दोन घरं, मधे भिंत. निवेदन सुरू.)

या दोन घरांतून विस्तव जात नाही. धंद्यात एकमेकांशी चढाओढ, आणि मुलांच्या बाबतीत त्याहून जास्त. एका घरात पॅट, दुसऱ्यात प्रान. दोघं एकाच वयाचे, त्यामुळे पाळण्यापासून तुलना सुरू. परीक्षेत कोण पुढे, खेळात कोण पुढे, कौतुक कुणाच्या पोराचं झालं. शेजारचा मुलगा म्हणजे हरवायचा प्रतिस्पर्धी, एवढंच या दोघांना शिकवलेलं आहे.

ही ‘बॅड बडी’ नावाची थाई मालिका. बँकॉकच्या जीएमएमटीव्ही या कंपनीनं ती काढली आणि नोप्पनाच चैविमोल यांनी दिग्दर्शित केली. 29 ऑक्टोबर 2021 ते 21 जानेवारी 2022 या काळात, शुक्रवारी एक, असे 12 भाग आले. पॅटच्या भूमिकेत ओम पवात, प्रानच्या भूमिकेत नानोन कोरापत. दोन मुलग्यांच्या प्रेमाच्या अशा मालिकांना जगभर ‘बीएल’ म्हणतात, थायलंडमध्ये ‘सीरीज वाय’. यूट्यूबवर सबटायटल लावून त्या बघणारे प्रेक्षक भारतातही भरपूर आहेत.

बहुतेक जण या मालिकांबद्दल बोलतात ते नायकांच्या जोडीबद्दल. आपण आज घराबद्दल बोलू. या प्रेमकथेतला खरा पेच घराच्या उंबऱ्याच्या आत आहे.

(पडद्यावर: शाळेचा रंगमंच, गिटार.)

शाळेत असताना पॅट आणि प्रान एकाच बँडमध्ये वाजवतात. घरच्यांना पत्ता नाही. मग एके दिवशी प्रानची आई दिस्साया दोघांना एकत्र वाजवताना बघते. त्यानंतर प्रानची त्या शाळेतून उचलबांगडी होते, थेट वसतिगृहाच्या शाळेत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काही मनासारखं जुळलं होतं, आणि आईनं ते मुळासकट उपटलं. पुढच्या सगळ्या भागांत प्रान इतका जपून का वागतो, मनातलं ओठांवर का येऊ देत नाही, याचं उत्तर इथं आहे.

पुढे विद्यापीठात दोघं पुन्हा समोरासमोर येतात. पॅट इंजिनिअरिंगला, प्रान आर्किटेक्चरला, आणि या दोन विभागांच्या पोरांचं आपसात हाडवैर. म्हणजे घरचं भांडण कमी होतं म्हणून की काय, मित्रांचंही भांडण गळ्यात. चारचौघांत शत्रुत्वाचं नाटक, आणि दार बंद झालं की जिवलग मैत्री. हे नाटक करता करताच मैत्रीचं प्रेम होतं.

पाचवा भाग आला 26 नोव्हेंबर 2021 ला. गच्चीवर दोघांच्या मनातलं अखेर बाहेर येतं, चुंबन होतं. एरवी अशा प्रसंगानंतर संगीत चढतं आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. इथं प्रान पॅटला तिथंच सोडून निघून जातो. प्रेम आहे हे कळल्यावर त्याला आधी भीतीच वाटते. नानोननं तो क्षण जवळपास न बोलता उभा केला आहे. माझ्या मते अख्ख्या मालिकेतला सर्वोत्तम अभिनय त्या काही सेकंदांत आहे.

या तारखेला आणखी एक संदर्भ आहे. नऊच दिवस आधी, 17 नोव्हेंबरला, थायलंडच्या घटनात्मक न्यायालयानं निकाल दिला होता: लग्न पुरुष आणि स्त्रीमध्येच होऊ शकतं असं म्हणणारं दिवाणी संहितेचं कलम 1448 घटनाविरोधी नाही. जी जोडी देश शुक्रवारी कौतुकानं बघत होता, तिच्यासारख्यांना त्या देशात लग्नाचा हक्क नव्हता.

(पडद्यावर: दिस्साया आणि मिंग. जुने दिवस.)

आता वैराच्या मुळाकडे. आपल्याकडे बांधाचं भांडण जसं पिढ्यान्‌पिढ्या चालतं आणि पहिला दगड कुणी सरकवला ते नातवंडांना ठाऊक नसतं, तसंच इथं आहे. पॅट लहानपणापासून ऐकत आला की सगळा दोष शेजारच्यांचा. खरी गोष्ट पुढे उघडी पडते. पॅटचे वडील मिंग आणि प्रानची आई दिस्साया तरुणपणी एकमेकांच्या जवळचे होते. एका शिष्यवृत्तीपायी मिंगनं तिचा विश्वासघात केला. तिची संधी गेली आणि मैत्रीही गेली.

हे कळल्यावर पॅटच्या पायाखालची जमीन सरकते. ज्या बापाचा शब्द प्रमाण मानला, त्याच बापाच्या पापाची शिक्षा प्रान भोगतो आहे. दिस्सायाकडे आपण इतके भाग रागानं बघितलेलं असतं, तो राग इथं विरघळतो. मुलाला शाळेतून काढणारी ही बाई स्वतः फसवली गेली होती. तिची चूक तरी चूकच राहते. मालिका तिला मोकळी सोडत नाही, आणि खलनायिकाही करत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

अजून एक बारकावा. इथले आईबाप ज्यासाठी अडून बसतात, ते ‘मुलगा मुलावर प्रेम करतो’ हे नव्हेच. अडचण एवढीच, की तो त्या घरचा मुलगा आहे. 2007 साली ‘लव्ह ऑफ सयाम’ हा चुकियात साकवीराकुल यांचा थाई चित्रपट आला, तेव्हा चित्र वेगळं होतं. त्याच्या जाहिराती अशा केल्या होत्या, की लोकांना मुलामुलीची नेहमीची प्रेमकथा वाटावी. त्यातली आई, मुलगी हरवल्याच्या दुःखानं आधीच मोडलेली, आपल्या मुलाला त्याच्या मित्रापासून तोडते. चौदा वर्षांनी ‘बॅड बडी’त तोच दुरावा आहे, कारण मात्र बदललं आहे.

(पडद्यावर: कालवा, भातशेती.)

घराण्यांच्या वैरात चिरडलेलं प्रेम थाई माणसाला नवं नाही. माय म्वेंगदर्म यांची 1936 ची कादंबरी ‘प्ले काओ’ तिथं घरोघरी माहीत आहे. बांगकपीच्या शेतांतले खवान आणि रिअम, दोन घरांचं वैर, आणि शेवटी दोघांचाही जीव पाण्यात जातो. 1977 मध्ये त्यावर चेर्द सोंगश्री यांनी काढलेला चित्रपटही गाजला. अशा परंपरेत वाढलेला प्रेक्षक पॅट-प्रानकडे बघताना धास्तावलेला असणारच.

दोघं पळूनही जातात, समुद्रकाठी. काही दिवस सुखाचे जातात. पण कायमचं पळत राहता येत नाही, म्हणून परततात.

आणि मग शेवटचा भाग. चार वर्षं उलटली आहेत. प्रान कामासाठी सिंगापूरला असतो. दोन्ही घरांना सांगितलेलं आहे की यांचं केव्हाच तुटलं. प्रत्यक्षात काहीच तुटलेलं नाही. आईबापांनाही ते कळून चुकलेलं आहे आणि तेही न कळल्यासारखं दाखवतात. मिंग आणि दिस्साया गळ्यात पडत नाहीत, दिलजमाई होत नाही. फक्त कानाडोळा होतो.

कित्येक प्रेक्षक या शेवटावर नाराज होते, आणि त्यांची नाराजी मला समजते. इतकं सोसल्यावर एक मोकळी संमती मिळायला हवी होती. तरीही मी या शेवटाच्या बाजूनं उभी आहे. हट्टी आईबाप पराभव कबूल करत नाहीत. ते आवाज चढवायचं थांबवतात, प्रश्न विचारायचं सोडतात. किती तरी घरांत तडजोड अशीच होते, आणि मालिकेनं ती खोटी गोड न करता दाखवली.

(पडद्यावर: जिल्हा कार्यालय, विवाह नोंदणीची रांग.)

कायदा त्यानंतर बदलला. 18 जून 2024 ला थाई सिनेटनं विवाहसमानतेचं विधेयक मंजूर केलं, आणि 23 जानेवारी 2025 पासून ते लागू झालं. आग्नेय आशियात हे पाऊल उचलणारा थायलंड पहिला देश. पहिल्याच दिवशी शेकडो जोडप्यांनी नोंदणी केली. त्यांत कित्येक वर्षं एकत्र संसार केलेली माणसं होती.

या कायद्यानं लग्नाचं वय 17 वरून 18 केलं. पण थायलंडमध्ये माणूस सज्ञान होतो तो 20 व्या वर्षी. म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांच्या कुणालाही, मग जोडी कोणतीही असो, नोंदणीसाठी आईबापांची संमती लागते. शेवटच्या भागातले पॅट आणि प्रान ते वय केव्हाच ओलांडून गेले आहेत. आज ते त्या रांगेत उभे राहिले, तर त्यांना घरातल्या कुणाचीच सही लागणार नाही.

साक्षीदार मात्र लागतील. मला विचाराल तर दिस्साया आली असती. मिंगबद्दल मी तसं म्हणणार नाही.