कार्डाची घडी

(पडद्यावर: हौदातला पांढरा लगदा. साचा आत जातो, वर येतो, पाणी निथळतं.)

हौदात दिसतोय तो कापूस आहे, दिवाळीच्या कार्डाचा हातकागद यातूनच निघतो. बनियन आणि टी-शर्ट बेतताना कारखान्यात उरलेल्या सुती चिंध्या बारीक चिरायच्या, पाण्याबरोबर कुटायच्या, आणि त्यांचा असा दह्यासारखा लगदा झाला की साच्यावर उचलायचा. पुण्यात शिवाजीनगरला 1940 पासून हातकागद संस्था आहे. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून ती उभी राहिली. त्याच्या कितीतरी आधीपासून जुन्नरला आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात कागजी मंडळी हाताने कागद उचलत होती.

आता कारागिराच्या मनगटाकडे बघा. साचा वर येताच तो मागेपुढे हलतो, मग डावी-उजवीकडे. त्या हिसक्यांनी कापसाचे तंतू चारी दिशांनी एकमेकांत अडकतात. यंत्रावरच्या कागदात मात्र पट्टा ज्या दिशेने पळतो, त्याच दिशेने बहुतेक तंतू रांगेत लागतात. दिवाळीचं शुभेच्छापत्र करायला बसलेल्या माणसाला या माहितीचा काय उपयोग? पुष्कळ उपयोग आहे. कार्ड बिघडतं ते घडीत. रंग, टिकल्या, जरी या सगळ्यांची पाळी नंतरची.

(पडद्यावर: टेबल, स्टीलची पट्टी, शाई संपलेलं बॉलपेन.)

दुकानातला जाड कार्डपेपर घेतला असेल, तर आधी तो न दुमडता हलकेच वाकवून बघा, एकदा उभा, एकदा आडवा. ज्या बाजूला तो मुकाट्याने वळतो, त्याच बाजूने घडी घाला. उलट घातलीत तर घडीवर कागद तडकतो, पांढरे तंतू वर येतात, आणि मग ते झाकायला लेस चिकटवावी लागते. बाजारातल्या निम्म्या लेसा त्यासाठीच खपत असाव्यात.

हातकागदाला अशी बाजू जवळजवळ नसते. तो कुठूनही दुमडा, पण आधी चर पाडा. शाई संपलेलं बॉलपेन पट्टीला धरून एकदाच, दाबून ओढायचं. दुमडताना चर बाहेरच्या अंगाला ठेवायची. पुष्कळजण ती आत घेतात, कारण कागद तिकडे आपसूक वळेल असं वाटतं. पण चरीच्या पाठीला जो उंचवटा येतो, तो आत राहिला तरच बाहेरचा कागद ताणला जात नाही.

(पडद्यावर: कात्री. घडीवर दोन सरळ काप.)

आता कार्ड उघडताच आत उभी राहणारी कागदी पणती. ए-फाइव्ह आकाराचा कागद मधोमध दुमडला, की घडीपासून कडेपर्यंत साडेदहा सेंटिमीटर मिळतात. घडीवर दोन समांतर काप द्या, प्रत्येकी तीन सेंटिमीटर खोल. मधली पट्टी बोटाने आत ढकला. कार्ड उघडलं की आत एक पायरी उभी राहते. तिच्या दर्शनी बाजूला पणती चिकटवायची, खालची कड पायरीच्या तळाशी जुळवून.

इथे हिशेब चुकतो. कार्ड मिटताना ही पणती पुढे सरकते. तिचा तळ घडीपासून तीन सेंटिमीटरवर येऊन टेकतो, म्हणून ज्योतीसकट तिची उंची साडेसातच्या आत हवी. नाहीतर मिटलेल्या कार्डातून ज्योत बाहेर डोकावते. सात धरा आणि निश्चिंत व्हा.

चिकटवायला फेविकॉल चालतो, बोटभर न घेता काडीच्या टोकावर घेतलेला. मैद्याची खळ कंदिलाच्या पतंगी कागदाला उत्तम, पण कार्डाला पाणी जास्त होतं आणि कागद पापडासारखा वळतो. खळच वापरायची असेल, तर कार्ड रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवा.

(पडद्यावर: कातरणाचे तुकडे गोळा होतात.)

उरलेलं कातरण टाकू नका. आयताकृती तुकडा लांबीत दुमडा, घडीकडून काप द्या, वरची पट्टी शाबूत ठेवा, उलगडून गोल करा. शाळेत शिकलेला तोच कंदील, फक्त बोटभर. खाली दोन-तीन झिरमिळ्या. वसईत आणि गोव्यात दिवाळीचे कंदील उतरतात न उतरतात तोच नाताळच्या चांदण्या लागतात. कामट्या, कागद आणि खळ दोन्हीकडे सारखीच.

नाताळवरून आठवलं. ख्रिसमसचं पहिलं छापील कार्ड 1843 साली लंडनमध्ये निघालं, ते वेळ वाचवायला. हेन्री कोल या गृहस्थांना इतकी पत्रं लिहिणं झेपेना, म्हणून त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं आणि छापलं. रंग मात्र हातानेच भरलेले होते. आपण इथे एका पणतीसाठी अख्खी दुपार घालवतोय, ते बघून कोलसाहेबांनी कपाळावर हात मारला असता.

(पडद्यावर: पाकीट, तिकीट, पोस्टाचा शिक्का.)

शेवटचं काम पोस्टाचं. पणतीचं कार्ड मधोमध फुगतं, आणि शिक्का नेमका तिथेच बसला तर ज्योत चेपते. म्हणून पाकिटात कार्डाच्या दोन्ही बाजूंना एकेक जाड पुठ्ठा सरकवा. वजन वाढेल. तेव्हा तिकीट अंदाजाने लावू नका, खिडकीवर पाकीट तोलून घ्या. आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी पोस्टात जाऊन उभे राहू नका, भाऊबीजेला पोचलेलं कार्ड आत्या वर्षभर ऐकवते.