परटाच्या शेताच्या रस्त्यावर

मंडळी, बाहेर पोरं नाताळचा गोठा बांधताहेत, हातोड्याचा आवाज येतोय. येऊ दे. त्यांचा गोठा आज पुरा व्हायला हवा, आणि मला आज अशा माणसाबद्दल बोलायचंय जो कुणाच्याच गोठ्यात नसतो. त्याचं नाव आहाज.

ओळख पटली नाही ना? दरवर्षी 17 डिसेंबरच्या मिस्साला तुम्ही हे नाव ऐकता. मत्तयच्या शुभवर्तमानातली येशूची वंशावळी. अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका झाला. फादर वाचत असतात आणि आपण मनात नेवऱ्यांच्या सारणाला नारळ किती लागतील ते मोजत असतो. त्यात नवव्या ओवीत येतं, ‘योथामाला आहाज झाला.’ आलं आणि गेलं.

हा आहाज यहूदाचा, म्हणजे यरुशलेम ज्याची राजधानी त्या राज्याचा, राजा, दाविदाच्या गादीवर बसलेला. काळ इ.स.पू. 735 च्या आसपासचा. दमास्कसचा राजा रसीन आणि उत्तरेच्या इस्राएलचा राजा पेकह दोघं मिळून यरुशलेमवर चालून आले. शास्त्र म्हणतं, ही बातमी कळली तेव्हा राजाचं आणि लोकांचं काळीज वाऱ्याने रानातली झाडं हलावीत तसं हललं. आपण नाताळाआधीच्या आगमनकाळात यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या सातव्या अध्यायाचं वाचन दहाव्या ओवीपासून करतो, म्हणून ही थरथर आपल्या कानावर येतच नाही. एकदम ‘कुमारी गर्भवती होईल’ इथून आपण कान टवकारतो. माझ्या मते आधीच्या नऊ ओव्या गाळणं म्हणजे रोग्याला न बघताच औषधाची बाटली वाचणं.

तर राजा भेदरलाय. अशा वेळी तो कुठे सापडतो? देवळात नाही. वरच्या तळ्याच्या पाटाच्या टोकाशी, परटाच्या शेताच्या रस्त्यावर. बहुधा पाण्याची सोय पाहत असणार. वेढा पडला की आधी पाणी तुटतं. भीती वाटली की माणूस टाकी तपासतो. माझ्या वडिलांचं मोठं ऑपरेशन ठरलं, त्या रात्री दोन वाजता मी कपाटातून मुदत ठेवींच्या पावत्या काढून लग्नपत्रिकेच्या पाठीवर बेरीज करत बसले होते. तीच बेरीज चार वेळा केली. आकडा काही वाढला नाही.

यशया त्याला गाठतो तेव्हा एकटा नसतो, त्याच्याबरोबर त्याचा मुलगा असतो, शआर-याशूब. नावाचा अर्थ, ‘उरलेले परत येतील’. विचार करा, उद्या लढाई होईल अशा गावात एक बाप पोराला घेऊन राजाला भेटायला रस्त्यावर आलाय. आणि म्हणतो काय? शांत राहा, भिऊ नको, ते दोन राजे म्हणजे दोन धुमसणारी कोलितं आहेत. कोलीत म्हणजे चुलीतलं अर्धं जळलेलं लाकूड. धूर करतं, डोळे झोंबवतं, पण पेटतं राहत नाही.

पुढे एक ओळ येते. तिच्यात मूळ हिब्रूत शब्दांचा खेळ आहे. विश्वास ठेवणं आणि ठाम उभं राहणं या दोन्ही शब्दांचं मूळ एकच, आपण प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो त्या ‘आमेन’चं. मी आपल्या भाषेत असं म्हणते: भाव नसेल तर निभाव नाही. इथे विश्वास म्हणजे छातीत भरून येणं नव्हे. पाय जमिनीवर टिकणं.

मग देव म्हणतो, चिन्ह माग. आणि आहाज फार सोवळं उत्तर देतो: ‘मी मागणार नाही, परमेश्वराची परीक्षा पाहणार नाही.’ ऐकायला किती भाविक! पण राजांच्या दुसऱ्या पुस्तकात खरं काय ते सापडतं. त्याने मंदिरातलं सोनं-रुपं काढून अश्शूर साम्राज्याच्या राजाला, तिग्लथ-पिलेसरला, भेट पाठवली आणि ‘मी तुझा दास, मला वाचव’ असं कळवलं. पुढे अश्शूरने दमास्कस घेतलं, आहाजची दोन्ही कोलितं विझली. पण बोलावलेला पाहुणा घरातच राहिला. इ.स.पू. 701 मध्ये, आहाजच्या मुलाच्या, हिज्कीयाच्या काळात, अश्शूरचा सेनाधिकारी यरुशलेमला धमकी द्यायला येऊन उभा राहिला. कुठे? यशयाच्या छत्तिसाव्या अध्यायात जागा दिलीय: वरच्या तळ्याचा पाट, परटाच्या शेताचा रस्ता. तीच जागा!

हिज्कीयानेही पाण्याची सोय केलीच होती बरं का. त्याने खडकातून खणलेला पाचशे मीटरहून लांब बोगदा आजही यरुशलेममध्ये आहे, आत पाण्यातून चालत जाता येतं. तेव्हा टाकी तपासण्यात पाप नाही. माझ्या पावत्यांतही नव्हतं. आहाजची गडबड अशी की त्याने मनाशी आधीच ठरवलं होतं, आणि वर भक्तीचं पांघरूण घातलं.

आहाजने मागितलं नाही तरी देवाने चिन्ह दिलंच: कुमारी गर्भवती होईल, तिला मुलगा होईल. त्या न मागितलेल्या चिन्हाचं नाव इम्मानुएल. आम्हाबरोबर देव. मत्तय ते वचन कुठे आणून ठेवतो पाहा: आहाजच्याच वंशातल्या एका सुताराच्या झोपेत. ‘योसेफा, दाविदाच्या पुत्रा, भिऊ नको.’ घराणं तेच, शब्दही तेच. फक्त याच्याकडे गादी नाही, सैन्य नाही, अश्शूरला धाडायला सोनं नाही. घरात आणायला एक गरोदर मुलगी आहे आणि गावाला तोंड आहे.

योसेफ काय बोलला? चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एक शब्द नाही. मत्तय फक्त ‘उठून’ असं म्हणतो. उठून त्याने मरियेला घरी आणलं. उठून रात्रीच बाळाला आणि आईला घेऊन मिसरला, म्हणजे इजिप्तला, गेला. हेरोद राजा मेल्यावर उठून परत आला.

आणि आता शेवटची गोष्ट, मग चहा घेऊ. पुष्कळांना वाटतं की देवदूताने ‘भिऊ नको’ म्हटलं की भीती संपली. दुसऱ्या अध्यायाची बाविसावी ओवी घरी काढून वाचा. यहूदीयात हेरोदाचा मुलगा अर्खेलाव राज्य करतोय असं ऐकून योसेफ तिथे जायला भ्याला. तीन स्वप्नं पाहिलेला माणूस, तरी भ्याला, आणि मत्तयने ते लपवलं नाही. मग स्वप्नात पुन्हा सूचना झाली आणि त्याने वाट वळवली, गालीलाकडे गेला, आणि नासरेथ नावाच्या गावात बिऱ्हाड केलं.