दुदान कितें जाता?

(गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष म्हणाले, 'बाई आज पोटावर बोलणार', आणि मागच्या दोन रांगा हसल्या. हसा. ज्यांचं पोट बरं आहे त्यांनाच हसू येतं.

विषय 'नाजूक पोट आणि रोजचं जेवण'. पण आधी कोजागिरी सांगते. लग्नानंतरची पहिली. देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, मोठ्या टोपात दूध आटत होतं. केशर, जायफळ, चारोळी, कडेला सायीची जाड रेघ. चुलत सासूबाईंनी काठोकाठ पेला हातात दिला. म्हटलं, मला दूध सोसत नाही. चार बायका अशा वळल्या, जणू मी तीर्थच नाकारलं. 'पी गो, दुदान कितें जाता?' म्हणजे, दुधानं काय होतंय?

प्याले. कितें जाता ते तासाभरात कळलं. आत भजन रंगलेलं आणि माझ्या पोटात वेगळाच पखवाज. अग्रशाळेमागे संडास एकच. तिथे एक आजोबा बादली घेऊन आधीच उभे. त्यांनी माझा चेहरा पाहिला, बादली माझ्या हाती दिली आणि हळूच विचारलं, 'तुवेंय दूद पियेलें?' त्या गावातला माझा पहिला जवळचा माणूस!

पुढे 20 वर्षं मला पित्त होतं, नजर लागली होती, मी 'मन लावून जेवत नव्हते'. एका डॉक्टरांनी विचारलं, घरात काही टेन्शन? टेन्शन होतं हो. पण ते दर कोजागिरीला रात्री साडेदहालाच कसं यायचं?

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज हे एन्झाइम लागतं. जगातल्या साधारण दोनतृतीयांश माणसांत ते बाळपणानंतर कमी होतं, म्हणजे बहुमत आमचं आहे. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जंतू ती आंबवतात. वायू धरतो, पाणी ओढलं जातं, आणि मग बादली. अ‍ॅलर्जी निराळी. अंगावर गांधी, ओठ सुजणं, धाप लागणं, तिथे चमचाभरही चालत नाही. आमचं भांडण प्रमाणाशी. 250 मिली दुधात साधारण 12 ग्रॅम लॅक्टोज असतं आणि बऱ्याच जणांना तेवढं सोसतंही. पण आटवलं की पाणी उडतं, साखर तिथेच राहते. त्या रात्री मी एका पेल्यात दोन पेले प्याले होते! दही त्यामानानं बरं, विरजणातले जंतू थोडी साखर आधीच खाऊन टाकतात.

चिठ्ठी आली. '5 मिनिटं.' खरा विषय तर आत्ता सुरू होतोय.

तर पटापट. वही करा. काय खाल्लं, किती, किती वाजता, पुढे काय झालं. संशयित पदार्थ दोन-तीन आठवडे बंद, मग थोडा थोडा परत सुरू. हे 'परत' लोक विसरतात. माझ्या ओळखीच्या एक बाई दूध, गहू, डाळ, मासे असं सोडत सोडत उकड्या तांदळाच्या पेजेवर आल्या आणि केस गळू लागले तेव्हा थांबल्या. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाची 'फॉडमॅप' पद्धतही आतड्यात आंबणाऱ्या साखरा काही काळ सोडून परत आणण्याचीच आहे. ती आहारतज्ज्ञाला धरून करा.

सोलकढीवर आळ घेऊ नका. नारळाच्या रसात लॅक्टोज नाही. तुम्हाला बाधतो बहुधा त्यात ठेचलेला लसूण. कांदा, लसूण, गहू यांत फ्रुक्टान नावाच्या, आतड्यात अशाच आंबणाऱ्या साखरा असतात; त्या पाण्यात उतरतात, तेलात नाही. म्हणून तेलात लसूण परतून पाकळ्या काढून टाका, वास राहतो, त्रास जातो. देवकार्याचं बिनकांद्याचं जेवण कित्येकांना सोसतं ते त्यामुळेही असेल. पुण्य वेगळं मोजा.

गव्हाचा संशय असेल तर आधी सिलिअ‍ॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेननं आतडं दुखावणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी, मग पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, नाही म्हणा. उलट केलंत तर तपासणी फसते. वजन उतरतंय, शौचात रक्त आहे, तर वही मिटा आणि डॉक्टरकडे जा.

हो, बसची वेळ झाली, कळलं. शेवटचं. सिलिअ‍ॅकचा पाहुणा चवथीला आला तर नेवऱ्या, म्हणजे करंज्या, त्याला नकोत, त्या मैद्याच्या. खतखत्यातल्या, म्हणजे मिसळभाजीतल्या, हिंगाची डबी वाचा, बाजारी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. आणि पातोळ्या तांदळाच्या, आतलं चून गूळ-नारळाचं. हळदीच्या पानासकट त्याच्यापुढे ठेवा, पण पीठ नेवऱ्यांच्या पोळपाटावर मळू नका.