नक्षीचं व्याकरण लिहिणारा ओवेन जोन्स

नमस्कार श्रोतेहो. पैठणीच्या पदरावरचा मोर डोळ्यांपुढे आणा. तो खऱ्या मोरासारखा दिसत नाही, तरी मोरच वाटतो. सावली नाही, उठाव नाही. कापड कापडच राहतं. विणकराची ही समज ज्याने मोकळ्या मनाने वाखाणली, त्या ओवेन जोन्सबद्दल आज बोलायचं आहे.

जन्म 1809चा, लंडनचा. शिकला वास्तुकला. पंचविशीत स्पेनमधल्या अल्हंब्रा राजवाड्याची नक्षी उतरवून घेत होता, तेव्हा सोबतचा फ्रेंच मित्र झ्यूल गूरी कॉलऱ्याने गेला. जोन्सने दोघांचं काम एकट्याने तडीस नेलं. ते रंग कागदावर यावेत म्हणून रंगीत शिळाछपाईसुद्धा, म्हणजे दगडावर चित्र काढून छापायचं काम, स्वतःच हाती घेतली.

पुढे 1851मध्ये लंडनला मोठं प्रदर्शन भरलं. तिथली काचेची भव्य इमारत, क्रिस्टल पॅलेस, आतून रंगवली जोन्सनेच. त्याच छताखाली भारतीय कापड मांडलेलं होतं आणि शेजारी इंग्लंडचे गालिचे, पाय ठेवायला संकोच वाटावा इतकी हुबेहूब फुलं असलेले. आपल्या इंग्रज कारागिरांना काय येत नाही, हे त्याला तिथे लख्ख दिसलं.

1856मध्ये त्याचं 'द ग्रामर ऑफ ऑर्नामेंट', म्हणजे नक्षीचं व्याकरण, हे देशोदेशीच्या नक्षीवरचं पुस्तक निघालं. शंभर रंगीत चित्रपानं, सदतीस नियम. एक नियम मला फार आवडतो: बांधलेल्याला सजवा, सजावटीसाठी बांधू नका. पहिल्याच प्रकरणात न्यूझीलंडच्या एका माओरी स्त्रीचा गोंदलेला चेहरा आहे. प्रत्येक रेघ चेहऱ्याच्या ठेवणीबरोबर वळते, हे जोन्सने पाहिलं आणि त्याला मान दिला. त्या काळच्या इंग्रजाने!

चिनी नक्षीला मात्र याच ग्रंथात त्याने कल्पनाशून्य ठरवलं. पुढे उत्तम चिनी वस्तू पाहायला मिळाल्या आणि 1867मध्ये त्याने त्या नक्षीवर वेगळं, कौतुकाने भरलेलं पुस्तक काढलं. विद्वानाने आपलं मत असं उघडपणे बदलावं, याचं मला मोल वाटतं.

इंग्लंडचा प्रसिद्ध नक्षीकार विल्यम मॉरिस याच्या संग्रहात हा ग्रंथ होता. अमेरिकेत, पुढे थोर वास्तुकार झालेल्या तरुण फ्रँक लॉइड राइटने त्यातली चित्रं पातळ कागदावर गिरवून काढली. पण लोक नुसती नक्कल करतील ही धास्ती जोन्सने प्रस्तावनेतच बोलून दाखवली होती. म्हणूनच शेवटच्या प्रकरणात कुठल्याच देशाची नक्षी नाही. तिथे आहेत हॉर्स चेस्टनट या झाडाची खरी पानं, झाडावरून आणून त्याच मापात गिरवलेली.