वाळवंटातला बहर आणि हमिंगबर्डचा शिधा

श्रोतेहो, कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात, सॅन डिएगो शहराच्या ईशान्येस, अँझा-बोरेगो हे त्या राज्यातले सर्वांत मोठे स्टेट पार्क आहे. तिथे वर्षाकाठी जेमतेम 150 मि.मी. पाऊस पडतो, तरीही 2017 आणि 2019 च्या वसंतात तिथली वाळू जांभळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या फुलांनी झाकून गेली आणि ती पाहायला लोकांची रीघ लागली. अमेरिकेतल्या नातलगांनी पाठवलेली त्या बहराची छायाचित्रे तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. हा गालिचा आणि त्या वाळवंटातला हमिंगबर्ड यांची जोडी आपण मनातल्या मनात सहज लावून टाकतो. परंतु या पक्ष्याचे पोट भरते ते बहुतांशी दुसऱ्याच फुलांवर.

आधी गालिच्याविषयी. सँड व्हर्बिना, ड्यून ईव्हनिंग प्रिमरोज, डेझर्ट सनफ्लॉवर या एका हंगामात उगवून, फुलून, बी टाकून मरणाऱ्या वनस्पती आहेत. त्यांचे बी वाळूत वर्षानुवर्षे पडून राहते. पावसाच्या एखाद्या शिडकाव्याला ते दाद देत नाही. शरद ऋतूत किंवा हिवाळ्याच्या आरंभी सुमारे 25 मि.मी. पाऊस एका दमात झाला, तर बियांमधली रुजण्यास अटकाव करणारी द्रव्ये धुऊन जातात आणि अंकुर फुटतो. त्यातही सगळे बी एकदम रुजत नाही. काही मागे शिल्लक राहते, म्हणजे पुढचा पाऊस दगा देऊन गेला तरी वंश बुडत नाही. ही फुले मुख्यतः मधमाश्या, फुलपाखरे आणि रात्री हिंडणारे पतंग यांच्यासाठी असतात. ईव्हनिंग प्रिमरोजचे पांढरे फूल तर संध्याकाळ झाल्यावरच उमलते.

आता कोस्टाज हमिंगबर्ड पाहू. याचे वजन सुमारे 3 ग्रॅम, म्हणजे आपल्या एक रुपयाच्या नाण्यापेक्षा जास्त नाही. (आपल्याकडे जास्वंदीभोवती घोटाळणाऱ्या शिंजिरालाही पुष्कळजण हमिंगबर्डच म्हणतात, पण शिंजीर बहुधा फांदीला धरून मध पितो, आणि खरे हमिंगबर्ड उत्तर आणि दक्षिण अमेरिका खंडांबाहेर कुठेच आढळत नाहीत.) हवेत एका जागी स्थिर राहून मध पिण्यासाठी इतकी ऊर्जा खर्च होते की या पक्ष्याला दिवसभर खातच राहावे लागते. वाळवंटातल्या थंड रात्री तो शरीराचे तापमान पुष्कळ खाली आणून निश्चेष्ट पडून राहू शकतो. अशा जिवाला एखाद्याच वर्षी येणाऱ्या बहराच्या भरवशावर घरटे बांधणे परवडणारे नाही, आणि वाळवंटातली त्याची वीण तर हिवाळ्याच्या अखेरीसच सुरू होते.

त्याला आधार मिळतो तो चुपारोसासारख्या झुडपांचा. कोरड्या ओढ्यांच्या कडेने वाढणारे हे झुडूप पुष्कळदा निष्पर्ण, नुसत्या करड्या-हिरव्या काटक्यांचे असते, आणि पर्यटक त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्याचे फूल मात्र जवळून पाहण्यासारखे आहे. ती एक तांबडी, अरुंद नळी असते. तिच्या तळाशी मध असतो आणि वरच्या पाकळीलगत पुंकेसर पुढे आलेले असतात. पक्ष्याने चोच आत घातली की त्याच्या कपाळावर पराग लागतो आणि पुढच्या फुलाला तो आपोआप पोहोचतो. चिमुकल्या कोळ्यांवर आणि कीटकांवरही मादी लक्ष ठेवून असते, कारण निव्वळ मधावर पिले पोसली जात नाहीत. शिवाय कोळ्यांच्या जाळ्याचे धागे तिला घरटे विणायला लागतात. घरटे, अंडी आणि पिले हा सगळा संसार ती एकटीच सांभाळते.

दुसरे झाड ओकोटियो. जमिनीतून निघालेल्या उंच काटेरी छड्या, आणि मार्च ते मे या काळात त्यांच्या टोकांना लाल फुलांचे तुरे, असे त्याचे रूप असते. पाऊस झाला की काही दिवसांत त्याला पालवी फुटते आणि जमीन सुकली की ती गळते. फुले मात्र कोरड्या वर्षीही बहुधा येतातच, कारण त्यांचा खर्च खोडातल्या साठ्यातून भागतो. मेक्सिकोतून निघून पार अलास्कापर्यंत जाणारे रूफस हमिंगबर्ड साधारण याच सुमारास कॅलिफोर्नियातून उत्तरेकडे सरकत असतात आणि त्यांनाही वाटेत ही फुले भेटतात. मला स्वतःला गालिच्यापेक्षा हा हिशेब अधिक थक्क करणारा वाटतो.

म्हणूनच मार्चमध्ये तिकडे जाणार असाल आणि यंदा बहर नाही असे कानावर आले, तरी बेत रद्द करू नका. बोरेगो पाम कॅन्यनच्या वाटेवर ऊन चढण्यापूर्वी चालायला लागा, आणि चुपारोसाच्या जाळीपाशी थांबून आसपासच्या काटक्यांचे शेंडे न्याहाळा. कोस्टाज नराला अशा उघड्या टोकावर बसायची सवय असते. गळ्याची पिसे काळी दिसली तर घाई करू नका. त्याने मान वळवून ऊन नेमके पडले की तीच गर्द जांभळी होतात आणि त्यांची मिशांसारखी लांबलेली टोके ओळखू येतात. मे महिन्यानंतर मात्र हा खटाटोप करू नये, कारण उन्हाळा तापला की यांतले बहुतेक पक्षी वाळवंट सोडून समुद्राकडच्या झुडपी टेकड्यांवर निघून जातात.